भारूड शेवटी ठेवलं तेव्हा

तो क्रम मी लावला होता. एका रविवारच्या सकाळी अकरा कार्यक्रम, आणि अकराव्या क्रमांकावर भारूड. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे आडून बोलावं लागणार नाही.

महापालिकेच्या एका क्षेत्रीय कार्यालयात मी सहा महिने कंत्राटी मदतनीस होते. सांस्कृतिक कामाचं एक टेबल होतं, त्यावर एक सर बसायचे आणि टेबलाच्या टोकाला मी. सांस्कृतिक काम म्हटलं की लोकांना गाणंबजावणं आठवतं. मला आठवतात मांडववाल्याची पत्रं, पोलीस परवानगीचे अर्ज, जिन्याखाली ठेवलेली नारळांची पोती आणि बॅनरवरच्या फोटोंचा क्रम. बॅनरचा क्रम सर स्वतः लावायचे, कारण तो चुकला तर फोन येतो. कलाकारांचा क्रम चुकला तर कुणाचा फोन येत नाही, म्हणून तो माझ्याकडे आला.

मी सांगवीत वाढले, इंग्रजी शाळेत शिकले. घरी मराठीच बोलायचो, पण ते बोलण्यापुरतं. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ हे शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा या टेबलावर लिहिले. सर माझ्या वेलांट्या सुधारायचे आणि एक शब्दही बोलायचे नाहीत. मीही बोलायचे नाही. मी गप्प असते ती मुळात भीतीने. ऑफिसात मात्र लोकांना वाटायचं, या मॅडमना बरंच कळतं.

भारुडाच्या मंडळाचे म्होरके दिवाळीनंतर अर्ज घेऊन आले. तळवड्याच्या बाजूला, पालिकेच्या हद्दीतल्याच एका जुन्या गावातले. सत्तरीचे असतील, पांढरा सदरा, टोपी, आणि हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद. त्यांना मी बाबा म्हणत असे, ते मला ताई म्हणत.

“मंडळाचं नाव?”

“गावाचंच नाव लावा.”

“किती जण?”

“नऊ. मी धरून दहा, पण मी आता नुसता बसतो.”

“वेळ पंधरा मिनिटं मिळेल.”

“पंधरा मिनिटांत आमचं नमनच व्हतंय, ताई.”

सर मान वर न करता म्हणाले, “वीस करा, मॅडम.”

“वीस म्हंजे मस झालं,” बाबा म्हणाले.

अर्ज झाला तरी ते उठेनात. मग म्हणाले, खरं काम वेगळंच आहे. त्यांना कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावरचा हॉल हवा होता, आठवड्यातून दोन तास, तालमीला. गावातल्या देवळाचा जुना सभामंडप नवीन बांधायचा म्हणून पाडला होता आणि काम तीन वर्षं खांबांवर येऊन थांबलं होतं. तेव्हापासून तालीम बाबांच्या स्वतःच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये व्हायची. शेतीच्या जागी त्यांनी खोल्या बांधल्या होत्या, सगळ्या खोल्यांत कंपनीतली माणसं.

“भाडेकरू नाइट करून झोपलेलं असत्यात. पखवाजावर थाप पडली की वरनं दार वाजतं. त्यांचं बी बरोबर हाय. माझ्याच इमारतीत मला गप बसावं लागतंय.” ते हसले. “दोन वर्सांत तालीमच न्हाई म्हणाना. अशानं पोरं इसरत्यात.”

नियम असा होता की हॉल स्थानिक कलामंडळांना मिळतो, पण पालिकेच्या कार्यक्रमात ज्यांनी सादरीकरण केलं आहे त्यांनाच. सरांनी तो त्यांना समजावून सांगितला. बाबांनी दोनदा विचारून घेतलं. स्टेजवर एकदा झालं की हॉल मिळंल ना? सर म्हणाले, प्रस्ताव पाठवता येईल. सरकारी भाषेत ते ‘हो’च्या बरंच जवळचं आहे हे तोपर्यंत मला कळू लागलं होतं.

ते गेल्यावर मी क्रम लावायला बसले. आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये सगळ्यात चांगला नाच शेवटी असायचा. पालक त्यासाठी थांबायचे. मी भारूड शेवटी टाकलं तेव्हा मला वाटलं मी त्यांना मान देते आहे. वेळ लिहिली साडेबारा. सरांनी कागदावर नजर टाकली आणि सही केली. ते त्या आठवड्यात बॅनरमध्ये अडकलेले होते.

रविवारी सकाळी नऊलाच मंडळ नाट्यगृहात हजर होतं. सोंगांच्या सामानाच्या दोन पत्र्याच्या पेट्या, पखवाज, टाळ. नऊ जणांतले सात गावचे, बाबांचे पुतणे आणि शेजारी. दोघे लातूरकडचे, बाबांच्याच खोल्यांत राहणारे. पखवाजवाला त्या दोघांतला एक. सगळ्यांच्या पायात काळे सेफ्टी शूज होते. मी ते पाहिले. त्यांचा अर्थ मात्र लावला नाही. माझ्यासाठी रविवार म्हणजे सुट्टी. आमच्या बाजूला दुरुस्तीसाठी वीज जाते ती गुरुवारी, हे लहानपणापासून माहीत होतं. गुरुवारीच का जाते, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. त्यांचा रविवार कामाचा होता, आणि ज्या आठवड्यात कार्यक्रम आला त्या आठवड्यात नऊपैकी सात जण सेकंड शिफ्टला होते. चाकणच्या कंपन्यांची बस चौकात सव्वादोनला यायची.

मंडळांच्या अर्जात मोबाइल नंबरचा रकाना होता, आधार कार्डाचा होता. शिफ्टचा नव्हता.

दहाचा कार्यक्रम पावणेअकराला सुरू झाला. पालिकेच्या शाळेतल्या मुलींचं लेझीम, मग दोन भजनी मंडळं, कासारवाडीच्या बायकांचा एक फुगड्यांचा खेळ. तो चांगला रंगला. पाचवा कार्यक्रम चालू असताना मान्यवर आले आणि निवेदकाने गाणं मध्येच हळू करायला लावून स्वागत सुरू केलं.

त्या काळात पालिकेत निवडून आलेलं कोणी नव्हतं, निवडणूक रखडली होती. त्यामुळे सत्कार लवकर आटपेल असा माझा अंदाज होता. झालं उलटंच. निवडून आलेल्यांचा आकडा ठरलेला असतो. माजी आणि भावी कितीही असू शकतात. एकाच्या नावाचा उल्लेख झाला की दुसऱ्याचा माणूस चिठ्ठी घेऊन स्टेजच्या पायऱ्यांशी यायचा. ती चिठ्ठी मी घ्यायची, निवेदकाला द्यायची आणि शाल, नारळ, पुष्पगुच्छ असं तबक तयार करून पाठवायचं. मी एकामागून एक तबकं भरत होते. प्रत्येक जण ‘दोनच शब्द’ म्हणून माइकसमोर उभा राहायचा.

एकच्या सुमाराला बाबा विंगेत आले.

“ताई, आमचं कवा?”

“होईल आता.”

पंधरा मिनिटांनी पखवाजवाला आला. “मॅडम, सोंगं घ्यावीत का अजून थांबावं?”

“थांबा जरा. मी सांगते.”

मी सरांकडे जाऊन सांगायला हवं होतं, की यांना मध्ये घ्या. सर स्टेजवर होते, हात बांधून, पाहुण्यांच्या मागे. स्टेजवर चढून त्यांच्या कानाशी लागायचं म्हणजे चारशे लोकांसमोरून चालत जायचं. मी तबक भरलं.

दीडला बाबा पुन्हा आले. या वेळी त्यांनी बसचं सांगितलं. “सव्वादोनची गाडी हाय पोरांची. ती चुकली तर अर्ध्या दिवसाचा खाडा मांडत न्हाईत, पुऱ्याचा मांडत्यात. वर सायबाचं बोलणं.”

“पुढचंच आहे, बाबा,” मी म्हणाले. ते खोटं होतं. अजून तीन कार्यक्रम बाकी होते आणि एक भाषण चालू होतं. पण ते माझ्या तोंडून इतकं सहज गेलं की त्यांनी मान हलवली.

पावणेदोनला त्यांनी पेट्या उचलल्या. कुणी भांडलं नाही. एक जण जाताना म्हणाला, “भावा, नारळ तरी घेऊन जाऊ का एक, त्या सगळ्यांना देतायत तर,” आणि बाकीचे हसले. मागच्या दाराने ते झपाझप गेले. पखवाज एकाने लहान पोरासारखा छातीशी धरला होता.

बाबा गेले नाहीत. ते शेवटच्या रांगेत जाऊन बसले. दोन वीसला निवेदकाने गावाचं नाव घेऊन भारुडाचं मंडळ पुकारलं. नाट्यगृहात तीसेक माणसं उरली होती, निम्मी जादा खुर्च्या गोळा करणारी. बाबा उभे राहिले.

“मंडळी कामाला गेली,” ते म्हणाले.

निवेदकाला ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा पुकारलं. बाबांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, थोडं मोठ्याने. मग टोपी नीट केली आणि बाहेर पडले.

सोमवारी अहवालाचा तक्ता भरायचा होता. अकराव्या नावापुढे मी स्वतःच्या अक्षरात ‘गैरहजर’ लिहिलं. तक्त्यात दोनच पर्याय होते, ‘सादरीकरण झाले’ आणि ‘गैरहजर’. त्या शब्दात वेलांटी नाही, मात्रा बरोबर होत्या. सरांना काही सुधारावं लागलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी सरांना सांगितलं. सहा महिन्यांत त्यांच्याशी मी सलग बोलले ती बहुतेक तीच पाच मिनिटं. ते नऊपासून आले होते, मी शेवटी ठेवलं, मी पुढचंच आहे म्हणाले, ते गैरहजर नव्हते.

सर डबा खात होते. “शेवटी का ठेवलंत?”

“चांगलं म्हणून.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चिडले असते तर बरं वाटलं असतं. “मॅडम, सत्कारानंतर फक्त आभार असतात. बाकी काही ठेवलं तरी ते आभारच होतं.” मग डब्याचं झाकण लावत म्हणाले, “तक्ता अजून वर गेला नाहीये. नाट्यगृह गुरुवारी सकाळी रिकामं असतं. त्यांना बोलवा, सोंगं घालून स्टेजवर उभं करा, एक फोटो काढा. फोटो असला की सादरीकरण झालं असं मी लिहितो. बाकी कोण बघतंय.”

मी बाबांना फोन केला. फोन करण्याआधी काय बोलायचं ते वहीत लिहून घेतलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

“फोटोसाठी सोंग न्हाई घेत आमी,” ते म्हणाले.

मला वाटलं, रागावलेत. तसं नव्हतं. ते मला समजावून सांगत होते, जसं मी अर्जातला रकाना समजावते तसं. त्यांच्या गावात तोंडाला रंग लागला की खेळ करावाच लागतो. खेळ न करता रंग पुसायचा नाही. म्हणूनच त्या दिवशी दुपारपर्यंत कुणी पेटी उघडली नव्हती, नंबर लागेल तेव्हाच उघडायची होती. उगाच वेश करून उभं राहायचं आणि घरी जायचं, हे त्यांच्या वडिलांनी केलं नव्हतं, ते करणार नव्हते.

“मग हॉल?”

“न्हाई तर न्हाई.” फोनवर मागे कुकरची शिट्टी झाली. “पार्किंग हाय की.”

मी फोन ठेवणार होते. वहीत पुढचं काही लिहिलेलं नव्हतं. “मग खेळच करा,” मी म्हणाले. “पूर्ण. गुरुवारी.”

“कुणापुढं?”

“मी येईन.”

ते हसले. “एकट्या?”

“अजून कुणी येतंय का बघते.”

गुरुवारी सकाळी अकराला वीज गेली. एका भारुडासाठी जनरेटर लावायची परवानगी मागण्यात अर्थ नव्हता, म्हणून नाट्यगृहाची बाजूची सगळी दारं उघडली. तेवढा उजेड स्टेजच्या कडेपर्यंत यायचा, मागे अंधारच. माइक नाही. प्रेक्षकांत मी, झाडलोट करणाऱ्या पाच बायका आणि सुरक्षारक्षक. बायकांना मी बोलावलं नव्हतं. त्या पहिल्या रांगेखालचं झाडत होत्या, रंगवलेली तोंडं पाहून झाडू टेकून बसल्या.

नमन खरंच पंधरा मिनिटं चाललं. मग मुख्य सोंग आलं. बाबांनीच रचलेलं होतं, एक म्हातारी मरून यमाच्या दारात जाते ते. म्हातारीचं काम करणारा माणूस एरवी गिअरचे भाग तपासतो. त्याने मिशी काढली नव्हती. ती पदराने झाकून तो इतका लाजत बोलायचा की मिशी विसरायला व्हायचं.

“कोण गं तू?” यमाने विचारलं.

“मेलेली हाय, म्हाराज.”

“दाखला?”

“मेले की. आनखी काय दाखवू?”

“तसं चालत न्हाई. मेल्याचा दाखला आण. वारसानं अर्ज करायचा.”

“वारस नाइटला हाय.”

झाडणाऱ्या बायकांतली एक इतकी हसली की तिला खोकला आला. “माझा बी,” ती शेजारणीला म्हणाली, “आता झोपला असंल घरी.” यमाने ते ऐकलं आणि तिथून पुढे तो सगळं तिच्याकडेच बघून बोलू लागला. परत जा आणि पोराला उठवून आण म्हणून तो म्हातारीला सांगतो. म्हातारी दाराशी जाते, आत डोकावते, आणि पोराला झोपू देते. परत येऊन यमाला म्हणते, मी बाहेर बसते, त्याची शिफ्ट बदलली की बघू. मग ती स्टेजच्या कडेला, जिथवर उजेड होता तिथे, पदर पसरून बसते आणि गाते.

वीस मिनिटांचं सादरीकरण पन्नास मिनिटं चाललं. बाबा विंगेत खुर्चीवर बसून ओठ हलवत होते. मध्ये एकदा कुणीतरी ओळ विसरलं तेव्हा त्यांनी आतून ती मोठ्याने दिली. दोन वर्षांची तालीम चुकली होती ती ऐकू येत होती. टाळ दोनदा पुढे पळाले, शेवटची गवळण त्यांनी सोडूनच दिली. मी फोटो काढले. बहुतेक काळे आले. एकात म्हातारीचा अर्धा चेहरा आणि मागे पडद्याची घडी दिसते.

सरांनी तो बघितला. “स्टेज आहे हे कळतंय,” ते म्हणाले, आणि तक्त्यातलं ‘गैरहजर’ खोडून वर ‘सादरीकरण झाले’ लिहिलं. तारखेच्या रकान्यात गुरुवारची तारीख टाकली. खोटं कुठेच लिहावं लागलं नाही.

हॉलचा प्रस्ताव लिहिण्याआधी मी नऊही जणांच्या शिफ्ट विचारून घेतल्या. दिवसा त्यांना फोन लागत नाहीत. कंपनीच्या गेटवर फोन जमा होतात. मग मी त्यांच्या घरी फोन केले. बायकोने, आईने, एकाच्या मुलीने सांगितलं, या आठवड्यात फर्स्ट, पुढच्या आठवड्यात सेकंड, मग नाइट. अनोळखी माणसांना नऊ फोन. एकेका फोननंतर मी पाणी पिऊन येत होते. नऊ जण एकत्र मोकळे होते ते फक्त गुरुवारी. गुरुवारची सकाळ योगवर्गाकडे होती, संध्याकाळ गाण्याच्या क्लासकडे. उरली दुपार, एक ते तीन. वर पत्र्याचं छत आहे, दुपारी ती वेळ कुणी मागत नाही. महिन्याभराने मंजुरी आली. मुदत अकरा महिने. पुढे नूतनीकरण, त्यासाठी त्या वर्षीच्या कार्यक्रमात पुन्हा सादरीकरण.

“अकरा म्हयने तर अकरा म्हयने,” बाबा म्हणाले. किल्लीच्या वहीत त्यांनी सावकाश सही केली.

पहिल्याच गुरुवारी तालीम खालच्या मजल्यावर ऐकू आली आणि कर विभागातून तक्रार आली. सर म्हणाले, मॅडम, जरा सांगून या. मी वर गेले. सगळे घामाने भिजले होते, दारं उघडी होती, वीज नसल्याने पंखे बंद.

“आवाज जातोय व्हय खाली?” बाबांनी विचारलं.

“थोडा.”

“दार लावून घेऊ का?”

आत भट्टी झाली असती. मी म्हणाले, “नको. खाली मी बघते.” खाली जाऊन मी सरांना फक्त म्हणाले की वर सांगून आले. पुढच्या गुरुवारी कर विभागाने पुन्हा तक्रार केली, त्याच्या पुढच्या गुरुवारी केली नाही.

माझे सहा महिने संपत आले होते. कंत्राट पुढे वाढणार नाही हे कळलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. नारळांच्या वासानेही मला थकवा येऊ लागला होता. शेवटच्या आठवड्यात मी त्या मंडळाच्या फाइलमध्ये लावायला एक कागद लिहिला. नऊ जणांची नावं, प्रत्येकाच्या शिफ्टचा क्रम, घरचा नंबर, साप्ताहिक सुट्टी गुरुवार, बसची वेळ. खाली एक ओळ: या मंडळाचे सादरीकरण सत्कारापूर्वी ठेवावे.

सरांनी तो वाचला. “हे कोण वाचणार, मॅडम? नवीन माणूस फाइल उघडेल तेव्हा उघडेल.”

“माहीत आहे.”

“आणि क्रम वरून बदलला तर?”

“माहीत आहे.”

क्रमांक न टाकता नुसता फाइलमध्ये सरकवलेला कागद कधीही गळून पडतो, काढला तरी कुणी विचारत नाही. सरांनी फाइल स्वतःकडे ओढली, कागद पंच केला, दोरीत ओवला आणि वरच्या कोपऱ्यात पृष्ठ क्रमांक टाकून त्याभोवती गोल केला.